ग्रामीण कार्यस्थळांची वास्तुकला

ग्रामीण कार्यस्थळांची वास्तुकला : शेती, कारभार, व्यापार, हस्तव्यवसाय, शिक्षण, संशोधन इ. कामांसाठी खेड्यात अथवा खेड्यालगत उभारलेल्या वास्तूंची रचना आणि तिचे भोवतालच्या भूदृश्याशी असलेले नाते यांचा विचार या शीर्षकाखाली केला जातो. राहत्या घरांच्या मानाने कार्यस्थळांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः खेड्याच्या रूपात झालेले मोठे बदल प्रथम कार्यस्थळांतूनच प्रकट झाले : चावडी, रेल्वेस्थानक, सरकी काढण्याचा कारखाना, गोदाम, पंचायतीची कचेरी, प्रयोगशाळा या क्रमाने नवे साहित्य व नवी बांधणी गावात आली. नवे काम सामावून घेणारी, तरीही गावाच्या भूमीला परकी न वाटणारी वास्तू कशी उभारावी, हा प्रश्न विसाव्या शतकात जगभर चर्चिला गेला. मराठवाड्यात तो विशेष बिकट आहे. येथील काळी जमीन पाया हलविते, उन्हाळा दीर्घ व कडक असतो आणि १९९३ च्या भूकंपाने पारंपरिक बांधणीवरील लोकांचा विश्वासच नाहीसा केला. प्रस्तुत नोंदीत परभणी जिल्ह्यातील पेडगाव व त्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या वास्तुप्रकाराचा इतिहास दिला आहे. हे पेडगाव परभणी शहराच्या पश्चिमेस मनमाड–परभणी लोहमार्गावर आहे. भीमातीरावरील बहादूरगडामुळे प्रसिद्ध असलेले पेडगाव याहून वेगळे.

भूमी व हवामान : परभणी जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टी पठारावर असून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन पसरली आहे. ही जमीन कपाशी, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन या पिकांना उत्तम. परंतु बांधकामाला प्रतिकूल. तीत मॉंटमोरिलोनाइट जातीच्या मृत्तिका-खनिजांचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यात ती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पाया घेतलेली भिंत एक-दोन पावसाळ्यांतच तडकते. जुन्या गावकऱ्यांनी हा प्रश्न जागेची निवड करून सोडविला. मराठीतील ‘काळी’ व ‘पांढरी’ ही जोडी याच निवडीची साक्ष देते : पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. गावठाण बहुधा उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढऱ्या मातीच्या जागी वसविले जाई. त्यामुळे पेरणीयोग्य जमीन वाया जात नसे, पुराचे पाणी वस्तीत शिरत नसे व भिंतींसाठी लागणारी माती पायाखालीच मिळे. गावाचा रंग व भूमीचा रंग एक दिसतो, तो या व्यवहारातून. सौंदर्यदृष्टीने ठरवून नव्हे.

उन्हाळ्यात येथील कमाल तपमान ४०° से. च्या वर जाते व काही दिवस ते ४४°–४५° से. पर्यंत पोहोचते. दिवस व रात्र यांच्या तपमानांत बरीच तफावत असते. पावसाळा जून ते सप्टेंबर असा असून त्यात अनेकदा मोठा खंड पडतो. म्हणून कामाच्या जागेला दिवसा उष्णता अडविणे, रात्री ती बाहेर सोडणे आणि पडलेले पाणी साठविणे या तीन गोष्टी साधाव्या लागतात.

पारंपरिक कार्यस्थळे : रेल्वेपूर्व काळातील खेड्यात घर व कामाची जागा यांत काटेकोर विभागणी नव्हती. देशमुख-पाटलांच्या वाड्यात प्रवेशद्वाराच्या आतली ढाळज हे कारभाराचे स्थान असे. येणाऱ्याजाणाऱ्यांची बैठक, देण्याघेण्याचे हिशेब, तंटे-बखेडे ढाळजेतच चालत आणि त्यामागील चौक व सोपे कुटुंबासाठी राखलेले असत. गावकीच्या कामासाठी चावडी होती. ती साधारणतः वेशीजवळ, तीन बाजूंनी भिंती व समोर लाकडी खांबांची उघडी ओसरी अशी बांधीत. उघड्या बाजूमुळे चाललेले काम रस्त्यावरून सर्वांना दिसे. जहागीरदार व वतनदार यांच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या व बुरूजांच्या असत; त्यांत धान्याची कोठारे व वसुलीची कचेरी असे. आज ओसाड झालेल्या अनेक गढ्यांची माती लोकांनी घरांसाठी खणून नेली आहे.

शेतातील कार्यस्थळ म्हणजे आखाडा. परभणी, हिंगोली व नांदेड या भागांत शेतात बांधलेल्या गोठा-कोठीला हे नाव आहे. आखाड्याच्या कुडाच्या भिंती तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या विणून व त्यांवर शेणमातीचा गिलावा देऊन करीत. वर गवताचे छप्पर असे. जवळ विहीर व एखादे लिंबाचे किंवा बाभळीचे झाड असल्यावाचून आखाडा पुरा होत नसे. काळ्या जमिनीवर जड भिंत टिकत नाही, हे ओळखून येथे हलकी, लवचिक व सहज दुरुस्त करता येईल अशी बांधणी स्वीकारली होती. पांढरीवर जड भिंत आणि काळीवर हलका कूड ही विभागणी या प्रदेशाच्या बांधकामविद्येचे मुख्य सूत्र म्हणता येईल.

पाण्याच्या बांधकामांत भूमीत उतरणारी रचना दिसून येते. जिल्ह्यात यादवकालीन परंपरेतील अनेक बारवा आहेत; सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची बारव त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. बारवेचे कठडे जमिनीच्या पातळीवर असतात व सर्व वास्तू खाली उतरते, त्यामुळे दुरून ती दिसतही नाही. पायऱ्यांवर मात्र कडक उन्हातही गारवा असतो. [⟶ बारव].

माळवद : या प्रदेशातील पक्क्या वास्तूंचे वैशिष्ट्य म्हणजे मातीचे सपाट छप्पर, म्हणजेच माळवद अथवा धाबे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचा किंवा फळ्या, त्यांवर पाला व त्यावर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात व वास्तूचा आकार खणांच्या संख्येने सांगतात. प्रकाश व धूर यांसाठी छतात झरोके ठेवीत आणि पावसाचे पाणी पन्हाळींतून बाहेर काढीत. जाड भिंती व मातीचे छत यांतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते, म्हणून दिवसभर आतील हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळच थंड राहते. माळवद गळू नये यासाठी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर देण्याची प्रथा होती. जुना थर मात्र क्वचितच उतरवीत. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या छताची जाडी व वजन वाढत गेले. घर कोरडे ठेवणाऱ्या या प्रथेतील धोका १९९३ मध्ये उघड झाला.

लोहमार्ग व कारखाने : १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग मनमाडपर्यंत पूर्ण झाला. हैदराबाद संस्थानातील हा मीटरमापी मार्ग औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड यांना जोडीत असे. १९९० च्या दशकात मनमाडकडून त्याचे रुंदमापी रूपांतर होत गेले. या मार्गाने पेडगावच्या परिसरात नव्या प्रकारचे कार्यस्थळ आले. स्थानकाची इमारत गावाच्या मातीतून किंवा गावकीच्या गरजेतून उद्भवलेली नव्हती. तिचा नकाशा मुख्य कचेरीत ठरे. तथापि दगड जवळच्या खाणीतला व घडविणारे हात पाथरवट-वडारांचेच असल्याने अशा इमारती भूमीशी फारशा विसंगत दिसत नाहीत.

लोहमार्गामुळे मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला आणि सेलू, मानवत, परभणी यांसारख्या गावी सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने निघाले. यंत्रांसाठी मोठे गाळे, वाफेच्या इंजिनासाठी उंच धुराडे, कापूस पसरण्यासाठी विस्तीर्ण मोकळे अंगण व आगीच्या भीतीमुळे इमारतींमध्ये राखलेले अंतर ही त्यांची लक्षणे होत. पन्हाळी पत्रा या भागात रूढ होण्यास अशा कारखान्यांनी हातभार लावला. पत्रा हलका, टिकाऊ व झटपट उभारता येणारा असला, तरी उन्हाळ्यात त्याखाली काम करणे कष्टाचे असते. माळवदाने उष्णता अडविली पण वजन वाढविले; पत्र्याने वजन कमी केले पण उष्णता आत घेतली. या दोहोंचा मेळ घालणे हा पुढील काळातील अभिकल्पकांपुढील मुख्य प्रश्न ठरला.

पश्चिम महाराष्ट्रात याच सुमारास उद्योजकांनी उजाड माळावर संपूर्ण औद्योगिक वसाहती वसविल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये स्थापिलेली किर्लोस्करवाडी हे त्यांचे आद्य उदाहरण होय. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने (१९५०) ग्रामीण उद्योगाला शेतकऱ्यांच्या मालकीचे नवे रूप दिले. या वसाहतींचा भर भूदृश्यात सामावण्यापेक्षा नवे भूदृश्य निर्माण करण्यावर होता.

सेवाग्रामचा प्रयोग : ग्रामीण कार्यस्थळाचा सर्वस्वी निराळा विचार वर्ध्यात झाला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे केंद्र मगनवाडी येथे झाले. एप्रिल १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम असे नामकरण झाले. तेथील आदी निवास व मूळ मीराबेन यांच्यासाठी बांधलेली, पुढे बापू कुटी म्हणून ओळखली जाऊ लागलेली झोपडी यांच्या भिंती मातीच्या, आधार लाकडाचे व बांबूचे आणि छप्पर देशी कौलांचे आहे. साहित्य जवळपास मिळणारे व खर्च गावकऱ्यांना परवडेल इतका असावा, असा गांधींचा आग्रह होता. या कुटीलगत त्यांचे दप्तर असून तेथे दूरध्वनीही होता. देशभरचा पत्रव्यवहार, भेटी व खलबते या मातीच्या खोल्यांत चालत. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ‘छोडो भारत’चा ठराव केला, तेव्हाही सेवाग्राम हेच राष्ट्रीय आंदोलनाचे मुख्य कार्यस्थळ होते. कामाचे महत्त्व वास्तूच्या आकारावर किंवा साहित्याच्या किमतीवर अवलंबून नाही, हे सेवाग्रामने प्रत्यक्ष दाखवून दिले.

हा वारसा देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पुढे चालविला. कुंभाराने चाकावर घडविलेली शंक्वाकृती कौले एकमेकांत गुंतवून कमानी छत बांधण्याची त्याची पद्धती उल्लेखनीय आहे. तीत लाकूड व लोखंड यांची बचत होते, छत हलके राहते आणि कुंभाराला काम मिळते. जुने रूप जसेच्या तसे न उचलता जुन्या हस्तकौशल्याला नवे गणित देणे, हे या प्रयोगाचे मर्म होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि ग्रामपंचायत कचेऱ्या, शाळा, दवाखाने, गोदामे, पशुवैद्यकीय केंद्रे यांची बांधकामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). त्यामुळे प्रयोगशाळा, बीजप्रक्रिया केंद्रे, अवजारांच्या कार्यशाळा अशी नवी कार्यस्थळे जिल्ह्यात आली.

या बांधकामांसाठी बहुधा नमुना नकाशांचा अवलंब झाला. वेग, खर्चाचा अंदाज व तपासणी यांच्या दृष्टीने ते सोयीचे होते. अपुऱ्या मनुष्यबळात हजारो गावांना इमारती देणे अन्यथा अवघड गेले असते. परंतु कोकणातील अतिवृष्टीच्या व मराठवाड्यातील रखरखीत उन्हाच्या गावी सारखीच इमारत उभी राहू लागली. सलोह काँक्रीटची पातळ लादी, विटांची नऊ इंची भिंत व पश्चिमेस उघडणाऱ्या खिडक्या यांमुळे दुपारी अशा कचेऱ्या तापतात. चावडीची उघडी ओसरी जाऊन तिच्या जागी बंद खोली व दारापुढील व्हरांडा आला. कामकाज लोकांना दिसण्याची सोय त्यामुळे कमी झाली. काळ्या जमिनीच्या पायांचा प्रश्न मात्र या काळात शास्त्रीय रीतीने हाताळला गेला. रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या स्थूणांचे तंत्र विकसित केले. फुगणाऱ्या थराच्या खाली, ओलावा न बदलणाऱ्या पातळीत या स्थूणा रुतविल्या जातात व त्यांवर जमिनीपासून सुटी राहील अशी तुळई घालून भिंत बांधतात.

जागतिक व भारतीय प्रवाह : भूदृश्याशी जुळणाऱ्या आधुनिक कार्यस्थळाचा विचार पश्चिमेत फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने दृढ केला. १९११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात त्याने स्वतःसाठी बांधलेले टॅलिएसिन हे घर व कार्यालय टेकडीच्या माथ्यावर नसून तिच्या कडेवर, स्थानिक चुनखडकात बांधलेले आहे. एरो सारिनेन याने अभिकल्पिलेल्या, इलिनॉय राज्यातील जॉन डीअर या कृषियंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयात (१९६४) याच्या उलट मार्ग दिसतो. तेथे हेतुतः गंजू दिलेले पोलाद वापरले असून त्याचा तपकिरी रंग भोवतालच्या झाडीशी मिळतो. ईजिप्तमध्ये हसन फादी याने १९४६ पासून न्यू गुर्ना येथे मातीच्या विटांचे गाव बांधले. त्याचे बांधकाम प्रशंसिले गेले, परंतु ज्यांच्यासाठी ते होते, त्या गुर्नाच्या रहिवाशांनी स्थलांतरास विरोध केला व गाव अपुरे राहिले. साहित्य स्थानिक असले म्हणजे लोकांची संमती आपोआप मिळत नाही, हा या प्रयोगाचा धडा होय.

भारतात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी तिरुअनंतपुरम्‌ येथे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचे आवार १९७० च्या दशकात उभारले. उताराची जमीन सपाट न करता व झाडे न तोडता विटांच्या जाळीदार भिंती वळवीत नेल्याने तेथे पंख्यांवाचूनही हवा खेळते. बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबाद येथे बांधलेले ‘संगत’ हे आपले कार्यालय (१९८०) अंशतः जमिनीखाली असून त्याची कमानी छते पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढविली आहेत. ती ऊन परावर्तित करतात व पावसाचे पाणी पन्हाळींतून अंगणात उतरवितात. बारवेच्या शीतलतेचे तत्त्व येथे आधुनिक कामासाठी उपयोगात आणलेले दिसते. राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेचे आवार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांनी व स्थानिक गवंड्यांनी बांधले. त्यास २००१ मध्ये आगाखान वास्तुकला पारितोषिक मिळाले, तेव्हा अभिकल्पाचे श्रेय कोणाचे याविषयी वाद निर्माण झाला. ग्रामीण वास्तू अनेकांच्या हातांनी घडत असल्याने असा वाद तत्त्वतःही सुटण्यास कठीण आहे. बांगला देशातील रुद्रपूर येथे आना हेरिंगर हिने माती व बांबू यांत बांधलेल्या ‘आनंदालय’ या दुमजली वास्तूत खाली अपंगांसाठी उपचारकेंद्र व वर स्त्रियांची वस्त्रकार्यशाळा आहे. तिला २०२० मध्ये ओबेल पारितोषिक देण्यात आले. या कार्यशाळेमुळे स्त्रियांना कामासाठी शहरात जावे लागत नाही.

किल्लारीचा भूकंप व त्याचे परिणाम : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे परिमाण ६ हून थोडे अधिक, म्हणजे मध्यम होते. एवढी मोठी प्राणहानी मुख्यतः बांधणीमुळे झाली. भिंती दोन फूट व त्याहूनही जाड असल्या, तरी आतला व बाहेरचा असे अनघड दगडांचे दोन थर चिखलात रचून मध्ये दगडगोट्यांची भर घातलेली होती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने थर सुटे झाले, भिंती ढासळल्या व वर्षानुवर्षे जाड होत गेलेले माळवद खाली आले. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता, त्यांपैकी अनेकांत भिंती पडूनही छत तरले, ही गोष्ट तज्ञांनी नोंदली आहे.

पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली व इतर अनेक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुती करण्यात आली. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्येच मातीच्या इमारतींसाठी (भा. मा. १३८२७) व कमी बळाच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी (भा. मा. १३८२८) मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांत लांब दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छताखाली सर्व भिंतींना बांधणारा अखंड पट्टा आणि हलके छत हे त्यांतील मुख्य उपाय होत. ते पाळल्यास दगड-मातीचे बांधकाम बऱ्याच प्रमाणात सुरक्षित करता येते. परंतु लोकमानसात दगड-माती म्हणजे मृत्यू आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण रुजले. पाथरवट व माळवद करणारे सुतार यांचे काम घटले. तंत्रशुद्ध देखरेखीवाचून बांधलेले काँक्रीटही भूकंपात कोसळते, ही बाब दुर्लक्षित राहिली. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपांचे धक्के परभणी परिसरातही जाणवले. त्यामुळे हा प्रश्न केवळ लातूर-धाराशिव भागापुरता मर्यादित मानता येत नाही.

अलीकडील प्रयत्न : महाराष्ट्रात भूकंपोत्तर काळात भूदृश्याला अनुसरणाऱ्या संस्था-वास्तूंचे काही लक्षणीय प्रयत्न झाले. मुळशी परिसरातील टेकडीवर ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी अभिकल्पिलेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज (१९९७) काळ्या दगडाच्या भिंती व उतरती छपरे यांमुळे सह्याद्रीच्या कड्यांशी मिळतेजुळते वाटते. गोदावरी खोऱ्यात, कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथील ‘जेतवन’ हे बौद्ध अध्ययन व कौशल्य-प्रशिक्षण केंद्र २०१५–१६ च्या सुमारास समीप पडोरा यांच्या वास्तुसंस्थेने भूजच्या हुन्नरशाला प्रतिष्ठानाच्या साहाय्याने बांधले. जागेवरील झाडांना धक्का न लावता त्यांच्यामधील मोकळ्या जागांत खोल्या बसविल्या आहेत. भिंती दगडाच्या खाणीतील टाकाऊ भुकटी ठोकून केलेल्या असून छतासाठी जुने लाकूड, मातीचे रूळ व जुनी कौले वापरली आहेत. दगडखाणी व खडी-यंत्रे असलेल्या परभणी जिल्ह्यालाही हे तंत्र लागू पडण्यासारखे आहे. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या केंद्राने (स्थापना १९७४) अल्प सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. मुरमाड माती त्यांस योग्य असते. काळी माती मात्र तिच्या फुगण्यामुळे तशीच वापरता येत नाही. हा भेदही काळी व पांढरी या जुन्या विभागणीशी जुळतो.

ग्रामीण कामाचे स्वरूपही बदलत आहे. कंपनी कायद्याच्या २००२ मधील दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपन्या स्थापन करता येऊ लागल्या. धान्य-कडधान्यांची स्वच्छता व प्रतवारी, डाळ-प्रक्रिया, गोदाम, माती-परीक्षण, संगणकीय सेवा ही कामे गावात येऊ लागली. त्यांना धूळमुक्त खोल्या, अखंड वीज, मालमोटारींसाठी वळण्याची जागा व गठाणी-पोत्यांचा भार सोसणारी जमीन लागते. आखाड्याच्या किंवा वाड्याच्या केवळ अनुकरणाने या गरजा भागत नाहीत.

अभिकल्पाची तत्त्वे : वरील इतिहासावरून पेडगावसारख्या काळ्या जमिनीच्या गावी कार्यस्थळ उभारताना काही तत्त्वे निष्पन्न होतात. (१) जागा शक्यतो मुरमाड उंचवट्यावर निवडावी. काळीवरच बांधणे भाग असल्यास फुगवट्याच्या स्थूणा अथवा हलका सांगाडा वापरावा. (२) इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पश्चिमेची भिंत शक्यतो बंद व जाड असावी आणि त्या बाजूस लिंबासारखी झाडे लावावीत. (३) छत हलके असावे. उष्णता अडविण्यासाठी मातीचे वजन न वाढविता दुहेरी छत, कौलांचा थर किंवा चुन्याचा पांढरा लेप यांचा अवलंब करावा. (४) दगडी भिंतीत आरपार दगड व अखंड पट्टे अनिवार्य मानावेत. (५) छतावरील पाणी टाक्यात किंवा विहिरीत उतरवावे. पायाजवळ पाणी मुरू न देणे हे काळ्या जमिनीत पायाच्या रक्षणासाठीही आवश्यक असते. (६) लोकांशी संबंधित कामासाठी चावडीप्रमाणे उघडी, सावलीची ओसरी ठेवावी. (७) बांधकामात गावातील गवंडी, सुतार व पाथरवट यांना सहभागी करून घ्यावे. पुढे इमारतीची दुरुस्ती त्यांनाच करावयाची असते.

मूल्यमापन : काँक्रीटच्या सांगाड्याला बाहेरून दगडी फरशी व वर शोभेची कौले लावून वास्तूस ग्रामीण रूप देण्याची प्रथा पर्यटनस्थळे व काही संस्था यांत आढळते. अशा वास्तू दुरून गावाशी जुळत्या दिसल्या, तरी उन्हाळ्यात त्या यंत्राने थंड कराव्या लागतात व त्यांच्या दुरुस्तीसाठी कारागीर शहरातून आणावे लागतात. त्याउलट पत्र्याचे गोदामही योग्य दिशा, दुहेरी छत व झाडांची सावली यांच्या योगे गावाचे होऊ शकते. म्हणजेच भूदृश्याशी एकरूपता ही दर्शनी रूपापेक्षा जमीन, ऊन, पाणी व मनुष्यबळ यांच्या हिशेबावर अधिक अवलंबून असते. परंपरेतील ज्ञान त्या हिशेबाला मोलाचे आहे; पण माळवदाच्या वाढत्या वजनाप्रमाणे तिच्यातील दोष तपासून दूर केल्याखेरीज ते आचरणात आणणे धोक्याचे ठरते. मराठवाड्यातील जुने कारागीर झपाट्याने कमी होत आहेत. त्यांचे कौशल्य व भूकंपरोधक बांधणीचे शास्त्र यांची सांगड घालण्यास त्यामुळे फार अवधी उरलेला नाही. ग्रामपंचायती, सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या यांच्या इमारती सार्वजनिक पैशातून वा सभासदांच्या भांडवलातून उभ्या राहतात. असे काम शिकण्याची व शिकविण्याची सर्वांत मोठी संधी त्यांच्याच बांधकामांत आहे. [⟶ भूकंपरोधक बांधकाम, स्थलशिल्प].